नालबंदाची अनवाणी घोडी

टिल्डन गावात कुणाचं काही झाकून राहत नाही, आणि चुकून राहिलंच तर ते डार्ला मॅकूमच्या पेंडीच्या दुकानात येऊन उघडं पडतं. एल्डन ब्रिस्कोच्या बायकोनं आपल्या घोडीच्या चारी पायांतली नाल काढून टाकली आणि यापुढे तिला अनवाणीच शर्यतीत पळवायचं ठरवलं, ही बातमी शनिवारी संध्याकाळी जन्माला आली. सोमवारी सकाळी दहाच्या आत ओक्लाहोमाच्या त्या अख्ख्या टोकाला ती पाठ झाली होती. कारण एल्डन हा तिथला नालबंद. चाळीस वर्षं त्यानं आसपासच्या पाच गावांतल्या घोड्यांना नाल ठोकली, आणि आता त्याच्याच घरची घोडी अनवाणी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. बाकीच्यांचं सोडा, चर्चमधून बाहेर पडताना पाद्रीबाबांनीसुद्धा त्याचा हात हातात धरून हळूच विचारलं, "एल्डन, घरी सगळं ठीक आहे ना?"

एल्डन बुटका, रुंद आणि कमरेत कायमचा वाकलेला. घोड्याचं पाऊल मांडीत धरून धरून त्याचे गुडघे दोन दिशांना गेले होते. तो उभा राहिला की त्याच्या पायांमधून कुत्रं अंग न चोरता निघून जाई. एरवी तो दिवसाकाठी वीस शब्द बोले. पण खुरांचा विषय निघाला की त्याला थांबवणं कठीण. आणि घोडं धरून उभ्या असलेल्या माणसाला पळताही येत नाही, त्यामुळे सगळ्या गिऱ्हाइकांना त्याचं प्रवचन तोंडपाठ होतं. "नाल खुराच्या मापाची करायची," तो म्हणे, "खूर नालेच्या मापाचा करायचा नाही. जो कानशीनं खूर घासून त्याला नालेत बसवतो, तो नालबंद नव्हे, तो चोर." एवढं झालं की तो खिळे तोंडात धरी आणि मग कुठे गिऱ्हाईक सुटे.

रोएना त्याच्या अगदी उलट. शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं तिनं दोनशे पोरांना जेवायला घातलं, त्यामुळे साधं "मीठ दे" म्हणाली तरी ते रस्त्यापलीकडे ऐकू जाई. त्यांची ओळखही घोड्यामुळेच झालेली. तेवीस वर्षांचा एल्डन तिच्या बापाच्या घोड्याला नाल ठोकायला गेला, तर घोड्यानं त्याला मागून असा काही चावा घेतला की धरून उभ्या असलेल्या रोएनाला हसू आवरेना. तिच्या हातून दोरी सुटली, घोडं गव्हात पळालं आणि ही दोघं त्याच्यामागे दोन तास फिरत राहिली. त्या दोन तासांत आपलं लग्न ठरलं असं ती सांगते. एल्डनला विचाराल तर घोडं सापडलं एवढंच त्याला आठवतं.

रोएना नऊ वर्षांची असल्यापासून पिंपांची शर्यत पळते. मैदानात तीन पिंपं तिकोनात मांडलेली, घोडं सुसाट आणून तिन्हींना एकेक वळसा घालायचा आणि सुसाट बाहेर न्यायचं, सगळा खेळ सतरा-अठरा सेकंदांचा. जिंकणाऱ्याला पट्ट्याचं चांदीचं बक्कल मिळतं. जिल्ह्याच्या जत्रेत रोएना आजवर सहा वेळा दुसरी आली होती. दुसरीला एक टोपी मिळते. सहा टोप्या दाराशी खुंटीवर होत्या, आणि पावसात कोंबड्यांना दाणे घालायला जाताना एल्डन त्यातलीच एखादी घाली.

तर तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे जूनबग आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण ब्रिस्कोंच्या घरी शब्दशः खरी झाली. दारात आधीच दोन म्हातारी खेचरं आणि एक एकाक्ष घोडा बसून खात होते. त्यात लेकीच्या सासऱ्यानं, ड्वेननं, शेत विकलं आणि ही तपकिरी घोडी गाडीत घालून पाठवून दिली. "फुकट आहे," तो फोनवर म्हणाला. "फुकटच असणार," एल्डन म्हणाला, आणि त्या दिवसाचे त्याचे शब्द तिथंच संपले. रोएना मात्र तिच्यावर एक फेरी मारून आली ती गालभर हसत. "एल्डन, ही वळते बघ. मी मनात म्हणते आणि ही वळते."

आता यातलं एक लचांड असं की एल्डनचं काम सोमवार ते शनिवार. आधी गिऱ्हाईक, मग घर. रविवारी चर्च झालं, कोंबडी आणि रस्सा झाला, आरामखुर्चीत डोळा लागून गेला, की उन्हं उतरताना रोएना हाक मारी, "अरे, माझ्या घोडीचं बघतोस ना?" मग तो कमरेला हात लावत उठे. आठवडा संपताना गाडीतल्या पेटीच्या तळाशी उरलंसुरलं जे असेल ते काढी, आणि घोडी उरकी. उरकी हाच शब्द बरोबर आहे.

दोन वर्षांत जूनबगच्या पायातली नाल सहा वेळा निघाली. कधी कुरणात, कधी सरावात. आणि सहाव्या वेळी थेट जिल्ह्याच्या जत्रेत, तिसऱ्या पिंपाच्या वळणावर. नाल उडून कुंपणावर आदळली, घोडी गुडघ्यावर गेली आणि साठीची रोएना तिच्या मानेला मिठी मारून कशीबशी तरली. दोघींना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण खुराची कड भाकरीच्या तुकड्यासारखी तुटून आली होती. रोएनानं मैदानाबाहेर येऊन नवऱ्याच्याच गाडीतली पकड घेतली आणि उरलेल्या तीन पायांची नाल स्वतः उपसून काढली. ती बातमी जन्माला आली ती त्या शनिवारी.

पुढच्याच आठवड्यात एल्डन जनावरांना चाटायच्या मिठाच्या विटा घ्यायला डार्लाच्या दुकानात मागच्या दारानं शिरला, तेव्हा पुढे रोएना उभी होती. डार्ला तिला सोडत नव्हती.

"दोन वर्षांत सहा वेळा," डार्ला म्हणत होती. "बाई गं, तुझा नवरा खिळे ठोकतो का उष्ट्या भातानं चिकटवतो?"

"त्याच्या हाताला नावं ठेवू नकोस, डार्ला. त्यानं ठोकलेली नाल या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची निघाली असेल तर मला दाखव."

"मग तुझ्याच घोडीची का निघते?"

"खूरच खराब आहेत तिचे. नुसता भुसा आहे भुसा. त्यात खिळा कसा राहील? दुसरा कुणी असता तर सहा महिन्यांत घोडी पांगळी झाली असती. एल्डन होता म्हणून दोन वर्षं निभावलं."

विटांच्या ढिगामागे एल्डन उभा होता. त्याचे कान तापले. मीठ न घेताच तो मागच्या मागे गाडीत जाऊन बसला.

कारण जूनबगचे खूर खराब नव्हते. जगात फक्त एका माणसाला हे ठाऊक होतं. तिचे खूर मोठे, रुंद, घरात एखाद्या मुलीचे पाय बापावर जावेत तसे. आणि पेटीच्या तळाशी आठवड्याच्या शेवटी उरायची ती लहान मापाची नाल, कारण मोठी गिऱ्हाइकांच्या घोड्यांना लागून संपलेली असे. मग रविवारच्या त्या कंटाळ्यात एल्डन कानस घेई आणि खूर चहूबाजूंनी घासून लहान नालेत बसवी. घासून घासून कड पातळ, पातळ कडेत खिळा, आणि तो खिळा धरणार कशाला? ज्याला तो आयुष्यभर चोर म्हणत आला, तो दर सहा आठवड्यांनी रविवारी त्याच्याच अंगणात येत होता.

त्यानं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चाळीस वर्षांचं नाव असं एका वाक्यात घालवायला जीभ वळत नाही हो. आज सांगू, उद्या सांगू करत त्यानं दुसराच मार्ग धरला, म्हणजे रुसल्याचं सोंग आणलं. "मी अनवाणी खुराला हात लावत नाही," त्यानं डार्लाच्याच दुकानात जाहीर केलं. "माझं काम लोखंडाचं."

"माझ्या नातवाच्या तट्टाला कधी नाल नव्हती," डार्लानं लगेच विचारलं. "त्याचे खूर मग रात्री येऊन परी कापते का?"

एल्डन टोपी डोळ्यांवर ओढून निघून गेला. रोएनानं मात्र वाद घातला नाही. तिनं त्याची एक जुनी कानस घेतली आणि दर दोन आठवड्यांनी, चष्मा नाकावर ओढून, स्वतःच घोडीचे खूर कडेनं गोल करायला लागली. बाभळीच्या काट्यांतून जावं इतक्या जपून ती तिला खडीवरून चालवी. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग कालव्यापर्यंत. हिवाळाभर घोडी पाय टाकताना विचार करून टाकत होती. एल्डन स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॉफी पीत बघत असे, आणि बायकोनं वर पाहिलं की पंचांग वाचल्यासारखा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळे.

खूर नखासारखा वरून खाली वाढतो. वरच्या केसांपासून जमिनीला टेकेपर्यंत त्याला वर्ष लागतं. महिन्यामागून महिने जुनी, घासलेली, खिळ्यांनी भोकं पडलेली कड खाली सरकत गेली आणि वरून जाड, गुळगुळीत, काळाभोर नवा खूर उतरत आला. उन्हाळ्यात तो जमिनीला टेकला. असला खूर एल्डननं गिऱ्हाइकांकडे फार थोडा पाहिला होता, आणि तो त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला आल्यासारखा रोज थोडा थोडा वाढला होता.

रोएनाला ते दिसत होतं. पण तिचा भरवसा बसेना. तिचं मन अजून भुशातच अडकलेलं. जत्रेच्या आदल्या दिवशी बटाटे सोलताना ती म्हणाली, "उद्या नीट पळाली तर ठेवू. नाहीतर ड्वेनला फोन करते, घेऊन जाऊ दे. असल्या खुरांवर बसून मी पुन्हा पडले तर हाडं जोडायला कोण येणार, तू? तू तर लोखंडवाला."

"ड्वेनकडे आता जागा कुठे आहे?"

"विकेल."

खराब खुरांची घोडी बाजारात कसायाशिवाय कुणी घेत नाही, हे त्या घरात दोघांनाही नीट ठाऊक होतं. एल्डन सांगणारच होता. तेवढ्यात रोएनानं त्याच्या हातातला बटाटा काढून घेतला, कारण सोलता सोलता त्यानं त्याचा सुपारीएवढा गोळा केला होता.

जत्रेचा शनिवार उजाडला तो तापूनच. शर्यतीच्या मैदानात दर पाच घोड्यांनंतर ट्रॅक्टर फिरवून माती पुन्हा सारखी करतात. रोएनाच्या चिठ्ठीत पाचवा नंबर निघाला. म्हणजे आधीच्या चार घोड्यांनी पिंपांभोवती उकरून ठेवलेले खड्डे तिच्या वाट्याला आले, खाली कडक जमीन आणि वर भुसभुशीत. एल्डन कुंपणाला टेकून उभा होता, हातात लिंबू सरबत. ते त्यानं एक घोटही प्यायलं नव्हतं.

भोंग्यावर बड स्टिकनी होता. त्याला विनोदाशिवाय कुणाचं नाव घेता येत नाही. "आता येतायत रोएना ब्रिस्को आणि जूनबग," तो म्हणाला. "मंडळी, नालबंदाच्या घरचं लोखंड संपलंय, तेव्हा घोडीला सांभाळून घ्या."

हशा झाला. दोनशे माणसं मान वळवून एल्डनकडे बघायला लागली. एल्डन सरबताकडे बघू लागला. तेवढ्यात फाटक उघडलं.

माणसं शर्यतीत स्वार बघतात, घड्याळ बघतात. एल्डननं आयुष्यात पायांशिवाय काही पाहिलेलं नाही. पहिल्या पिंपाला जूनबग त्या उकरलेल्या खड्ड्यात शिरली आणि मागचे दोन्ही पाय खाली घेऊन अशी फिरली की माती तिच्या पोटापर्यंत उडाली. खुरानं जमीन पकडली होती. दुसरं पिंप, उलट्या हातानं, तसंच. एल्डनच्या तोंडून "वा" निघाला आणि शेजारच्या डार्लानं चमकून पाहिलं. मग तिसरं पिंप. घोडी बरोबर आली, बरोबर बसली, बरोबर वळायला लागली. आणि रोएना तिच्या आधी आत झुकली. गुडघा पिंपाला लागला. पिंप डुलायला लागलं, पडू की नको करत होतं. रोएना फाटकाकडे धूम निघाली तेव्हाही ते डुलतच होतं, आणि मग पडलं.

"सतरा पूर्णांक तीन सेकंद," बड म्हणाला, आणि त्याचाही आवाज खाली आला. "अधिक पाच, पडलेल्या पिंपाचा दंड." त्या दिवशी बक्कल गेलं ते सतरा पूर्णांक सहाला.

गाड्यांपाशी रोएना उतरली तेव्हा माणसं जमलेलीच होती. सगळ्यांचं निदान तयार होतं. घसरली हो. अनवाणी म्हटल्यावर घसरणारच. अशा मातीत लोखंडाशिवाय कसं व्हायचं? डार्लासुद्धा चेष्टा विसरून म्हणाली, "जाऊ दे, रोएना. लागेल तेवढं केलंस तू तिच्यासाठी."

रोएनानं घोडीचा लगाम हाताला गुंडाळला. तिचे डोळे भरले होते, आणि ते कुणी बघू नये म्हणून ती घोडीच्या मानेवरची धूळ पुसत होती. "घसरतेय असं वाटलं मला," ती म्हणाली. "म्हणून झुकले. नाही जमायचं हे. बिचारीचा काय दोष, खूरच तसले घेऊन आली जन्माला. उद्या ड्वेनला फोन करते."

"ती घसरली नाही," एल्डन म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस."

"एक इंचही घसरली नाही. मी पायच बघत होतो."

"मग मी का झुकले?" रोएना त्याच्याकडे वळली. "पन्नास वर्षं पळतेय मी. मी उगीच झुकेन?"

त्याच्याभोवती सगळी त्याची गिऱ्हाइकं होती. बहुतेकांच्या घोड्यांच्या पायांत त्या क्षणी त्याचीच नाल होती. पाद्रीबाबा होते, हातात भाजलेलं कणीस घेऊन. एल्डननं टोपी काढली.

"गेल्या वर्षीमुळे," तो म्हणाला. "गेल्या वर्षी तिथंच नाल उडाली. तुझ्या अंगानं ते लक्षात ठेवलंय, म्हणून झुकलीस. आणि नाल उडाली ती माझ्यामुळे. तिचे खूर खराब नाहीत, रोएना. कधीच नव्हते. मोठी नाल संपलेली असायची. मी लहान घ्यायचो आणि खूर घासून त्यात बसवायचो. दर खेपेला, रविवारी. कंटाळा यायचा मला."

डार्ला मॅकूमला शब्द सुचला नाही, हे टिल्डन गावात पहिल्यांदाच घडत होतं.

"सहाच्या सहा वेळा?" रोएनानं विचारलं.

"सहाच्या सहा."

"आणि मी गावभर सांगत फिरले, की माझा नवरा आहे म्हणून निभावलं." तिचा आवाज शाळेतल्या पोरांनी कधी ऐकला नसेल इतका हळू होता. "या मुक्या जनावराला नावं ठेवली मी वर्षभर. तुला चांगलं म्हणायला. उद्या विकून टाकणार होते तिला."

"हो."

"आणि तू बटाटे सोलत बसला होतास."

"हो," एल्डन म्हणाला. आपण रडतोय हे त्याला कळलं, आणि ते थांबवावं असं काही त्याला वाटलं नाही.

रोएनानं लगाम हातातून सोडवला आणि बाजूला सरकून त्याला जागा करून दिली. "माझी माफी मागू नकोस," ती म्हणाली. "माझा हिशेब घरी होईल, आणि तो लवकर संपायचा नाही. हिची माग."

एल्डन जत्रेसाठी इस्त्री केलेल्या पांढऱ्या सदऱ्यात होता. तो घोडीपाशी गेला, खांदा तिच्या अंगाला टेकवला आणि दोन दिशांना गेलेले ते गुडघे वाकवून त्यानं तिचा पुढचा पाय उचलून मांडीत घेतला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यानं त्या खुराला हात लावला होता. अंगठ्यानं त्यानं कडेवरची माती पुसली, टाचेपर्यंत बोट फिरवलं, आणि तसाच वाकून राहिला.

"चांगला आहे," तो खाली बघतच म्हणाला. "या जिल्ह्यात याच्याएवढा चांगला खूर नाही."

"मोठ्यानं सांग," रोएना म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."